जुन्या काचेच्या सोनेरी पाट्या: पुसण्याआधी हे वाचा
पहिली गोष्ट, पाटी मागून पुसू नका! अक्षरं आणि सोन्याचा वर्ख काचेच्या मागच्या बाजूला असतो, ओलं फडकं लागलं की पोपडेच हातात येतात, माझं एक अख्खं अक्षर असंच गेलंय. पुढून फक्त किंचित ओलसर मऊ कापड, क्लीनर थेट फवारायचा नाही.

तशीच नवी करायचीये तर आधी ट्रेसिंग काढा, ते उलटं करून काचेखाली लावा. काच एकदम स्वच्छ हवी, बोटाचा ठसासुद्धा नको. अर्धा लिटर गरम डिस्टिल्ड पाण्यात जिलेटिनची एक रिकामी कॅप्सूल विरघळवा, ते ब्रशने लावून ओल्यावरच २३ कॅरेटचा वर्ख सोडा, तो झपकन स्वतःच चिकटतो. सुकला की दुसरा थर, मग अक्षरांमागे ऑइल पेंट, तो पक्का वाळल्यावर जास्तीचा वर्ख ओल्या कापसाने हलकेच पुसायचा.