व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबीची यादी रिकामी: माझा अनुभव

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे एका संगणकात दुसरा आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणारं सॉफ्टवेअर. माझा होस्ट, म्हणजे खरा संगणक, लिनक्स; गेस्ट, म्हणजे त्यातला आभासी संगणक, विंडोज. पेनड्राइव्ह होस्टवर उघडायचा, पण व्हर्च्युअल मशीनच्या यूएसबी यादीत काहीच नाही. पोर्ट बदलले, गेस्टमध्ये टाकायचे पूरक ड्रायव्हर म्हणजे गेस्ट अ‍ॅडिशन्स पुन्हा टाकले; दोन संध्याकाळी वाया गेल्या.

गोम होस्टवरच्या परवानगीत होती. आधी व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद केलं, सेव्ह स्टेट (आहे त्या स्थितीत थांबवून ठेवणं) नव्हे. मग होस्टच्या टर्मिनलमध्ये यूजरमॉड (usermod) कमांडने माझं खातं 'व्हीबॉक्सयूजर्स' (vboxusers) ग्रुपमध्ये घातलं; यूएसबी वापरायची परवानगी या ग्रुपला असते. कमांडचे पर्याय लहान ए, मोठा जी (-aG). तो 'ए' विसरलात तर बाकीच्या ग्रुपमधून नाव उडतं, सुडोसकट (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारा ग्रुप)! मग होस्ट रीस्टार्ट; नुसतं टर्मिनल बंद-चालू करून भागत नाही. 'ग्रुप्स' कमांडने खात्री केली. सेटिंग्जमध्ये यूएसबी ३.० कंट्रोलर निवडला, मशीन चालू केलं, पेनड्राइव्ह होस्टवर अनमाउंट केला (होस्टच्या वापरातून सोडवला) आणि यादीत त्यावर टिक केली. विंडोजने लगेच ओळखला.