रिसीव्हर गप्प बसला तर कळलं पाहिजे: ४८५ पोर्ट आणि फॉल्ट रिलेचं वायरिंग

नागपूरकडे बुटीबोरी असो की हिंगणा एमआयडीसी, एनर्जी मीटर आणि प्रोटेक्शन रिलेचा डेटा गोळा करणारा रिसीव्हर लावला, स्क्रीनवर आकडे दिसले की लोक काम झालं म्हणून मोकळे होतात. पण लाइन तुटल्यावर तोच जुना आकडा स्क्रीनवर तसाच राहिला तर ऑपरेटरला वाटतं सगळं बरोबर चाललंय, आणि माझ्या मते हे रीडिंग नसण्यापेक्षाही वाईट आहे. म्हणून वायरिंगपासूनच सांगतो.

आरएस-४८५ ची, म्हणजे मीटरचा डेटा रिसीव्हरपर्यंत आणणाऱ्या लाइनची केबल एका मीटरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशीच न्यायची, मधून फांद्या काढायच्या नाहीत. ट्विस्टेड पेअर शिल्डेड केबल घ्या आणि लाइनच्या फक्त दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावा. सप्लाय बंद करून ए आणि बी या डेटाच्या दोन वायरींमध्ये मल्टीमीटर लावला की साधारण ६० ओहम यायला पाहिजे. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर नाहीये किंवा मधे वायर तुटलीय, ४० च्या आसपास आले तर कोणीतरी तिसरा लावून ठेवलाय. ए-बी ची नावं प्रत्येक कंपनी आपल्या मनाने देते, त्यामुळे कम्युनिकेशन येतच नसेल तर आधी दोन वायरी उलटवून बघा, त्याने काही जळत नाही. कॉमनची (सिग्नल ग्राउंडची) तिसरी वायर पण ओढा, शिल्डला कॉमन समजू नका. शिल्डचं अर्थिंग एकाच टोकाला. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलपासून ही लाइन दूर ठेवा, क्रॉस करावीच लागली तर काटकोनात करा.

मॉडबस म्हणजे या लाइनवर मीटर आणि रिसीव्हर बोलतात ती भाषा; त्यात प्रत्येक मीटरचा पत्ता वेगळा, १ ते २४७ मधला, आणि बॉड रेट (डेटाचा वेग) न् पॅरिटी (चूक पकडायची सेटिंग) सगळीकडे सारखी. दोन मीटरला एकच पत्ता पडला तर कधी येतं कधी जातं असं होतं, आणि दिवसभर लोक केबल तपासत बसतात.

आता फॉल्ट रिले, म्हणजे रिसीव्हरचा अलार्म देणारा रिले. नीट वाचा, कारण इथेच जास्त चुका होतात. रिले फेल-सेफ मोडमध्ये ठेवा, म्हणजे सगळं ठीक असताना कॉइल ओढलेली आणि फॉल्ट आला की सुटलेली. रिलेची कॉम आणि एनओ (नॉर्मली ओपन) टर्मिनलं वापरा: ठीक असताना कॉन्टॅक्ट जोडलेला, आणि रिसीव्हरचा सप्लाय गेला, तो हँग होऊन वॉचडॉगने (हँग झालेलं ओळखणाऱ्या टायमरने) रिले सोडला किंवा अलार्मची वायरच तुटली, तरी सर्किट उघडतं आणि अॅनन्सिएटर (अलार्मचा हूटर) वाजतो. त्या अॅनन्सिएटरचा सप्लाय मात्र रिसीव्हरच्या फ्यूजवरून घेऊ नका, दोघं एकदमच मेले तर अलार्म देणार कोण? सॉफ्टवेअरमध्ये टाइमआउट टाका, तीनेक वेळा विचारून मीटरने उत्तर दिलं नाही तर आकड्याच्या जागी फॉल्ट दिसला पाहिजे.

आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ डिग्री असते, पॅनलच्या आत त्याहून जास्त, म्हणून डेटाशीटवरची कमाल तापमान मर्यादा बघूनच जागा ठरवा, व्हीएफडीच्या डोक्यावर तर बसवूच नका. आणि जूनच्या आधीपासून विजा कडाडायला लागतात, तेव्हा एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाणाऱ्या लाइनला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावा, त्याची अर्थ वायर आखूड ठेवा, पोर्ट आयसोलेटेड असला तरी. बजेट असेल तर दोन शेडमध्ये फायबरच टाका, वीज तांब्यातून येते, काचेतून नाही.

टेस्ट करताना सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) सेकंडरी चालू लोडवर उघडू नका, आधी शॉर्टिंग लिंक टाका, नाहीतर तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो. मग शिफ्टवाल्या ऑपरेटरला समोर उभं करून एका मीटरची ४८५ वायर काढा, ती परत जोडून रिसीव्हरचा सप्लाय काढा, शेवटी अलार्मची वायर काढा. तिन्ही वेळा हूटर वाजला आणि रिसेट कसा करायचा ते त्याला समजलं, की मगच सही घ्या.