बुजवलेली फायरप्लेस उघडण्याआधी

बेळगाव कॅम्पातल्या जुन्या बंगल्यात हॉलच्या भिंतीचा मधलाच भाग फूटभर पुढे आलेला असेल आणि वर कौलांतून धुराडं निघालेलं असेल, तर खाली फायरप्लेस बुजवलेली असणार. ठोकून बघा, आवाज पोकळ येतो. पण छिन्नी नंतर.

काम दिवाळीनंतर काढावं, म्हणजे मृगाच्या आत चुना नीट वाळतो. बंगला कॅन्टोन्मेंट हद्दीत असेल तर आधी बोर्डाच्या कचेरीत परवानगीचं विचारून यावं. ओल्ड ग्रँटच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळात छावणीत घर बांधायला दिलेल्या जागेवरच्या बंगल्यात जमीन सरकारची असते, सगळं मालकाच्या मर्जीवर नसतं.

मग गवंड्याला घेऊन छपरावर. मंगळुरी कौलं पायाखाली फुटतात, फळी टाकूनच चाला. धुराड्याचं तोंड फरशीने बंद केलंय का, आत मोहोळ किंवा पाकोळ्यांची घरटी आहेत का, ते बघा. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा. खरी भीती वेगळीच आहे. छप्पर बदलताना कोणीतरी धुराडं मधेच तोडून वरून कौलं चढवलेली असू शकतात. तसं असेल तर खाली पेटवलेली आग थेट वाशांना लागेल. म्हणून माळ्यावर टॉर्च घेऊन चढा, सांधे तपासा, तुळईचं टोक धुराड्यात घुसलेलं नाही ना तेही बघा. धुराडं कौलांतून बाहेर पडतं तिथून किमान 3 फूट वर हवं, आणि 10 फुटांच्या आत जे काही उंच असेल त्यापेक्षा 2 फूट उंच. वर जाळी आणि पावसाची टोपी हवीच, आपला आषाढ ठाऊक आहे ना!

आता भिंत. सामान हलवा, जुनी काजळी सगळ्या घरभर उडते. मास्क, जाड हातमोजे आणि गमबूट घाला, आत विंचू निघू शकतो. आधी वरच्या बाजूची एकच वीट काढून आत उजेड टाका. भरणीच्या विटा आडव्या असतात, कमानीच्या उभ्या-तिरक्या. कमानीच्या विटांना हात लावू नका, भेग दिसली तर आधी टेकू द्या. आत लोखंडी जाळी, जुन्या टाईल्स सापडल्या तर जपून ठेवा.

दुरुस्तीला चुना, वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड. गवंडी सिमेंट लावू म्हणेल, ऐकू नका. सिमेंट कडक असतं, तापून-निवून तडकतं आणि जुन्या विटाही घेऊन जातं. प्रत्यक्ष आगीच्या जागी मात्र फायरब्रिक आणि फायरक्ले, म्हणजे आच सोसणारी वीट आणि माती हवी. ते उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, फाउंड्रींना (ओतकाम कारखान्यांना) माल देणाऱ्यांकडे विचारा. भट्ट्यांच्या अस्तराला तेच लागतं.

शेवटी तोंडाशी उदबत्ती धरा, धूर वर ओढला गेला पाहिजे. मग कागद पेटवा आणि एकाला माळ्यावर, एकाला शेजारच्या खोलीत उभं करा. दोन खोल्यांना एकच धुराडं असेल तर धूर तिकडून निघतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून खिडकी थोडी उघडी आणि खोलीत त्याचा अलार्म. सुरुवातीचे काही दिवस आग छोटीच ठेवा. लाकूड वर्षभर वाळलेलं, शक्यतो बाभळीचं. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढा, विझल्यासारखी दिसली तरी आत निखारा असतो.