अ‍ॅल्युमिनियम फोमसाठी फोमिंग एजंट कुठला घ्यायचा?

फोमिंग एजंट म्हणजे तापल्यावर गॅस सोडून धातू फेसासारखा फुगवणारी पावडर. ती कितीला मिळते हे नंतर बघा, आधी बघा ती गॅस कधी सोडते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं आणि नेहमीचं टायटॅनियम हायड्राइड ४०० च्या आसपासच हायड्रोजन सोडायला लागतं, म्हणजे धातूची पावडर आणि हायड्राइड एकत्र दाबून गोळी करून भट्टीत ठेवलीत तर धातू अजून घट्ट असतानाच गॅस सुटतो आणि गोल बुडबुड्यांऐवजी आडव्या चिरा पडतात, तुकडा कापला की लगेच दिसतं.

यावर दोन उपाय. एक, हायड्राइड आधी हवेत साधारण ४८० डिग्रीला दोनतीन तास भाजून घ्यायचं, कणांवर ऑक्साइडचा थर बसतो आणि गॅस उशिरा सुटतो. दुसरा, धातूच बदला, सिलिकॉनवालं मिश्रधातू घ्या, ते ५७७ लाच वितळायला लागतं.

बजेट कमी असेल तर माझं मत सरळ कॅल्शियम कार्बोनेट. स्वस्त, हाताळायला सोपं, गॅस उशिरा सोडतं त्यामुळे वितळलेल्या धातूत ढवळायला वेळ मिळतो, शिवाय कार्बन डायऑक्साइड बुडबुड्याच्या भिंतीवर ऑक्साइडचा पातळ थर करतो म्हणून बुडबुडे लवकर फुटत नाहीत आणि बारीक राहतात. फक्त वजनाचा हिशोब वेगळा आहे, तेवढाच गॅस हवा तर हायड्राइडच्या दुप्पट घ्यावं लागतं (कार्बोनेटच्या १०० ग्रॅममधून १ मोल गॅस, हायड्राइडच्या ५० ग्रॅममधूनच तेवढा). मात्र भट्टी ७०० च्या आसपास पोचणारी हवी, नाहीतर काहीच फुगणार नाही. स्टीलचा फोम हा वेगळाच खेळ, तिथे हायड्राइड कामाचं नाही, स्ट्रॉन्शियम कार्बोनेटसारखं काहीतरी लागतं.

एजंट कितीही चांगला असला तरी वितळलेल्या धातूचा रस पाण्यासारखा पातळ असेल तर बुडबुडे वर येऊन निघून जातात. जपानच्या अल्पोरास पद्धतीत म्हणूनच ६८० डिग्रीला आधी १.५ टक्के कॅल्शियम घालून ढवळतात, रस दाट होतो, मग १.६ टक्के हायड्राइड. फुगलं की लगेच थंड करा, रेंगाळलात तर बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात.

आणि पावडर आधी ओव्हनमध्ये कोरडी करून घ्याच, वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये ओलावा गेला तर स्फोट होतो. हायड्राइडची बारीक पावडर ठिणगीने पेटते, भट्टीजवळ उघडा डबा ठेवू नका, आणि सुटलेला हायड्रोजन साचू नये म्हणून एक्झॉस्ट चालू पाहिजेच, फेसशील्डशिवाय तर जवळ जायचंच नाही.