आधी कान, मग प्रवाळ: नागपूरहून स्कुबा शिकायला जाताना

नागपुरातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी स्कुबाची निम्मी तयारी आपल्या तरणतलावावरच होते. ओपन वॉटर, म्हणजे स्कुबाच्या पहिल्या कोर्ससाठी न थांबता 200 मीटर पोहता यायला हवं आणि 10 मिनिटं तरंगता यायला हवं. वेगाची अट नाही. मला पोहण्यापेक्षा तरंगणंच जड गेलं. त्यासाठी तीन महिने रोज पहाटे तलावावर जात होते.

कोर्स केला अंदमानात, स्वराज द्वीपवर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला. पहिला दिवस उथळ पाण्यात गेला: रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं उपकरण) तोंडातून काढून परत लावायचा, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने फुंकून बाहेर काढायचं. इथे जीव घाबरतो. जमेपर्यंत पुढे जाऊ नका, प्रशिक्षकाला तसं स्पष्ट सांगा.

माझं अडलं ते कानापाशी. 10 मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो, पण कान दुखतात ते पहिल्या चार-पाच मीटरमध्येच. मी दुखेपर्यंत थांबले आणि मग कितीही केलं तरी कान मोकळे होईनात. प्रशिक्षकाने थांबवलं. दोघं मीटरभर वर आलो, मी नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं, आणि कानात बारीक 'टक्' झालं. तेव्हापासून पाणी डोक्यावर आलं की लगेच सुरुवात करते आणि दर हातभर खाली गेलं की पुन्हा. निघण्याआधी नागपुरातच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नका, पैसे बुडाले तरी चालतील.

श्वास मात्र कधीच रोखायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते आणि रोखलेल्या श्वासाने फुप्फुसाला इजा होते.

खाली लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो. मला करडा वाटलेला पंख्यासारखा प्रवाळ टॉर्चच्या उजेडात एकदम लालभडक झाला, आणि मी बघतच राहिले. दगडासारखी दिसणारी ही जिवंत प्राण्यांची वसाहत. काही जाती वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. 2010 मध्ये समुद्र तापला तेव्हा अंदमानातले कितीतरी प्रवाळ पांढरे पडले होते. त्यात आपल्या पायातल्या फिनचा, म्हणजे पोहायच्या पंखाचा, एक फटका नको. म्हणून पाण्यात स्थिर राहता येईपर्यंत कॅमेरा खोलीवरच ठेवा.

परतीचं तिकीट काढताना शेवटचा दिवस मोकळा सोडा. अनेक डायव्ह झाल्यावर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं, कारण अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ द्यावा लागतो.