मूल जिम्नॅस्टिक्सवेडं, पण सर नाउमेद करणारे? पालकांनो, या चुका टाळा

"तुझ्याच्याने नाही व्हायचं." "पोट बघ जरा स्वतःचं." "तुझ्या मागून आलेली ती बघ कुठे पोहोचली!" कोथरूड असो की बाणेर, जिम्नॅस्टिक्सच्या बॅचबाहेर ताटकळणाऱ्या आयांच्या गप्पांत सरांची ही वाक्यं हमखास येतात. गंमत म्हणजे एवढं ऐकूनही बऱ्याच मुलींना क्लास सोडायचा नसतो. आणि माझं मत विचाराल तर अशा वेळी सरांइतकीच गडबड आपण घरचे लोक करून ठेवतो.

प्रत्येक टोकण्याला अपमान समजणं

या खेळात सफाईचे गुण मुळी दहापासून सुरू होतात आणि कापले जातात. गुडघा जरा वाकला की ०.१, जास्त वाकला की ०.३, पडलं की सरळ एक गुण गेला. त्यामुळे प्रशिक्षकाची नजर चूक शोधायलाच तयार झालेली असते. "बोटं ताण, परत कर" हे एका तासात वीसदा ऐकावं लागणारच, त्याचा राग धरून उपयोग नाही.

हालचालीबद्दल बोललं तर ते शिकवणं. शरीराबद्दल, अकलेबद्दल किंवा "तुझं पुढे काही होणार नाही" असं भविष्याबद्दल बोललं तर ते शिकवणं नव्हे. म्हणून घरी "सर ओरडले का गं?" असं विचारू नका. "काय म्हणाले, आणि मग काय करायला सांगितलं?" असं विचारा. "काही नाही, बाजूला बसवलं" हे उत्तर वरचेवर यायला लागलं की लक्ष घालायची वेळ झाली.

स्कूटरवरच निकाल लावून टाकणं

मुलगी मागे बसून मुसमुसतेय, कर्वे रोडचा सिग्नल काही सुटत नाही, आणि आपण वैतागून म्हणतो, "उद्यापासून बंद! नकोच तो क्लास." किंवा त्याच्या उलट, "सर बोलतात ते तुझ्या भल्यासाठीच." दोन्ही उत्तरांचा परिणाम एकच, पुढच्या वेळी ती सांगत नाही. पहिल्यात क्लास बंद होईल म्हणून, दुसऱ्यात सांगून फायदा नाही म्हणून. त्या क्षणी "बरं झालं सांगितलंस, घरी गेल्यावर नीट बोलू" एवढं पुरतं.

खेळ आवडतोय की नाही हे तिला विचारण्यापेक्षा बघावं. कोणी सांगितलेलं नसताना हॉलच्या भिंतीला पाय लावून हँडस्टँड चालू असेल, भिंतीवर टाचांचे काळे डाग पडत असतील, तर आवड शाबूत आहे, अडचण फक्त क्लासमध्ये आहे. घरातल्या कोलांट्याही थांबल्या आणि बॅचच्या दिवशीच पोट दुखायला लागलं, तर पाणी खोल गेलंय.

अंगाची वाढ म्हणजे आळस, हे मान्य करणं

सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. दहा-बारा वर्षांची मुलगी काही महिन्यांत उंच होते, हातपाय लांबतात, तोल बदलतो. सव्वा मीटर उंचीवरच्या, जेमतेम १० सेंटिमीटर रुंद बीमवर, म्हणजे तोल सांभाळायच्या आडव्या पट्टीवर, काल जमणारं कार्टव्हील (हातांवरून घेतलेली बाजूची कोलांटी) आज जमत नाही. सर म्हणतात "लक्ष नाही हिचं", आणि आपणही मान डोलावतो. खरं तर तिला जुनीच गोष्ट नव्या शरीरानं पुन्हा शिकायची असते.

याच वयात टाच, गुडघा आणि मनगट दुखतं. वाढत्या हाडांच्या टोकाचा भाग अजून कच्चा असतो आणि या खेळात अख्ख्या अंगाचा भार हातांवरही येतो. मनगट किंवा कंबर आठवडाभर दुखत राहिली तर "नाटकं करू नकोस" म्हणण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांची चिठ्ठी सरांना द्या. चिठ्ठीसमोर वाद होत नाही.

"वजन कमी कर" हा सल्ला तर घराच्या उंबऱ्याबाहेरच ठेवा. दोन तास उड्या मारून आलेल्या मुलीची पोळी कमी करायची नसते. सुरू झालेली पाळी तीनेक महिने आली नाही, तर तो सरावाचा नव्हे, डॉक्टरांचा विषय.

स्प्लिट (दोन्ही पाय पूर्ण फाकवून जमिनीला टेकवणं) करताना पाठीवर बसून किंवा पाय दाबून रडवणं, याला "असंच असतं" म्हणू नका. मांडीच्या मधोमध ताण जाणवणं ठीक, सांध्यात कळ येणं नाही. उडी शिकवताना आधारासाठी कमरेला, पाठीला हात लागतोच. तो कशासाठी लागतो, हे मुलीला ठाऊक हवं. त्यापलीकडे काही असेल तर सरांशी "समजुतीनं बोलायच्या" भानगडीत पडू नका. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, नाहीतर थेट पोलिसांकडे जा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं

तिथे दहा जण अंगठा दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी तुमचीच मुलगी एकटी पडते. बॅच संपल्यावरही नको, सर दमलेले असतात. वेळ मागून भेटा आणि नेमकं विचारा: "सर, पुढच्या तीन महिन्यांत तिला काय जमायला हवं? घरी काय करून घेऊ?" चांगला माणूस यावर बोलता होतो. एक गोष्ट मात्र ठाम सांगा, "चुका जरूर काढा, पण तिच्या अंगावरून बोलू नका." महिनाभर थांबा. फरक पडतो की नाही, ते मुलीच्या चेहऱ्यावर कळतं.

उठताबसता दीपा कर्माकरचं नाव घेणं

तळपाय सपाट असूनही दीपा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीत) चौथी आली, कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकलं. हे खरंच. पण त्या पायांवर वर्षानुवर्षं मेहनत घेणारे तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी तिच्या पाठीशी होते, हा भाग आपण गाळतो. शिवाय तुमच्या मुलीला कदाचित फक्त बॅकफ्लिप यायला हवी असेल. तेवढंही पुरे की!

क्लास बदलणं म्हणजे हार मानणं, असं समजणं

नव्या ठिकाणी आधी एक बॅच बसून बघा. पडलेल्या मुलाशी सर पहिलं वाक्य काय बोलतात, तेवढं ऐका. मॅट फाटके आहेत का, पालकांना कधीच आत येऊ देत नाहीत का, हेही पाहा. आणि आर्टिस्टिक, म्हणजे बीम-व्हॉल्टवालं नेहमीचं जिम्नॅस्टिक्स नाही तर दुसरं काही नाही, असंही नाही. संगीतावर रिबन-चेंडू घेऊन करायचं ऱ्हिदमिक आहे, ट्रॅम्पोलिन आहे, आणि आपल्या घरचा मल्लखांब तर आहेच. दोरीच्या मल्लखांबावर जिम्नॅस्टिक्समधली लवचिकता आणि हातांची ताकद सगळी कामाला येते. शालेय स्पर्धा तोंडावर असतील तर त्या उरकून मगच बदला, आणि बाहेर पडताना उरलेल्या फीवरून वाद घालत बसू नका. जुन्या सरांना "येतो" म्हणून या. पुण्यातलं हे वर्तुळ लहान आहे, पुढच्या स्पर्धेत तेच सर पंचांच्या टेबलावर दिसू शकतात.