उद्या फ्रोझन कोळंबी बॅक्टेरियाच्या टेस्टला लावायचीय, आज हे काढून ठेव

सगळ्यात आधी बफर्ड पेप्टोन वॉटर, म्हणजे बॅक्टेरियाला सावरायला दिलेलं साधं पोषक पाणी, ते आजच फ्रीजमधून बाहेर काढ, दर सॅम्पलला 225 मिली, कारण त्यात 25 ग्रॅम कोळंबी जाणार. उद्या गारेगार बाटली तशीच ओतलीस तर इनक्युबेटरमध्ये पिशवी नुसती कोमट व्हायलाच बराच वेळ जातो आणि वाढीच्या 18 तासांतला तेवढा वेळ फुकट. फ्रीजरमधला साल्मोनेला (आपण शोधतो तो पोट बिघडवणारा बॅक्टेरिया) सगळाच मेलेला नसतो गं, काही गारठून अर्धमेला झालेला असतो, बर्फाच्या कणांनी आवरणाला इजा झालेली, त्याला आधी साधं खाणं आणि 37 डिग्रीची ऊब पाहिजे, मगच आरव्हीएस, म्हणजे बाकीच्यांना दाबून साल्मोनेला वाढवणारा कडक द्रव. घाईत डायरेक्ट आरव्हीएसमध्ये टाकला किंवा एक्सएलडीच्या निवडक प्लेटवर ओढला तर त्यांतलं मॅलाकाइट ग्रीन नाहीतर पित्ताचे क्षार त्याला तिथेच संपवतात आणि आपण खुशाल 'आढळला नाही' लिहून मोकळे.

कोळंबी आज रात्री फ्रीजमध्ये 2 ते 5 डिग्रीला सुटू दे, 18 तासांच्या वर नको, गरम पाण्यात अजिबात धरू नकोस आणि उरलेली परत गोठवू नकोस.

व्हिब्रिओ या समुद्री बॅक्टेरियासाठी पिशवी वेगळी, 2 टक्के मीठ आणि 8.6 पीएचचं अल्कलाइन पेप्टोन. ताज्या मालाला पहिले 6 तास 41.5 डिग्री चालतात पण फ्रोझनला 37च, सेटिंग आत्ताच बघून ठेव. मागच्या बॅचचं 41.5 तसंच राहतं, माझंही एकदा राहिलं होतं.

कंट्रोलचं, म्हणजे टेस्ट खरंच पकडते ना हे बघायला मुद्दाम साल्मोनेला घातलेल्या सॅम्पलचं, मात्र नीट ऐक. आदल्या दिवशीचं टुणटुणीत कल्चर टाकलं की कंट्रोल पॉझिटिव्ह येणारच, त्यात काय कळलं? गेल्या आठवड्यात मुद्दाम थोडासा साल्मोनेला टाकून उणे 20 ला ठेवलेली कोळंबीची पिशवी आहे ना, तीही सॅम्पलबरोबरच सुटायला ठेव, पण वेगळ्या बंद डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, आणि उद्या हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. तिच्यात काही उगवलं नाही तर बाकीच्या निगेटिव्हवर सही करू नकोस. ग्लिसरॉलमधली ट्यूब यासाठी चालत नाही, त्यात बॅक्टेरियाला थंडीची तेवढी झळच लागत नाही.

कोलिफॉर्म (अस्वच्छता दाखवणारे बॅक्टेरिया) काउंटला टीएसए, म्हणजे साधं अगार, जास्त वितळवून ठेव, गारठलेल्यांना सावरायला आधी तो थर, रूम टेंपरेचरला साधारण 2 तास, मग वरून व्हीआरबीए, म्हणजे कोलिफॉर्मचं निवडक अगार.

आणि हो, गुरुवारी लावलं की शुक्रवारी आरव्हीएस, शनिवारी एक्सएलडी आणि प्लेट वाचायला रविवार, तेव्हा रविवारी कोण येणार ते आजच ठरवा, मी नाहीये.